शेकाट्याचा लाल डोळा: पाणकाठच्या पक्ष्यांचे फोटो सॉफ्ट का येतात?

एका डिसेंबरात कोल्हापूरच्या कळंबा तलावाच्या काठावर मी शेकाट्याचे, म्हणजे लांब गुलाबी पायांच्या काळ्या-पांढऱ्या पाणपक्ष्याचे, तीनशेच्या वर फोटो काढले. कॅमेऱ्याच्या मागच्या इवल्याशा स्क्रीनवर सगळे झकास दिसत होते. घरी लॅपटॉपवर मोठे करून बघितले, तर एकाही फोटोत त्या लाल डोळ्याची कड नीट दिसेना. पाय मात्र सुरेख आले होते. गुलाबी, काडीसारखे, आणि पाय पाण्यात शिरतो तिथे उठलेलं बारीक वलयसुद्धा स्पष्ट. म्हणजे फोकस जवळपास बसला होता, माझा हातही हलला नव्हता. मग डोक्याचंच काय बिनसलं?

हा प्रश्न नीट विचारायला मला दोन वर्षं लागली. तोवर फोटो बिघडला की माझं एकच निदान ठरलेलं असायचं: लेन्स हलक्यातली आहे, पैसे साठवायला हवेत. आपल्याकडच्या बहुतेक हौशी फोटोग्राफरांचं हेच होतं. पण ‘फोटो सॉफ्ट आला’ म्हणणं म्हणजे ‘मोटर पाणी उचलत नाही’ म्हणण्यासारखं आहे. वीज नाही, फ्यूज उडालाय, फूटव्हॉल्व्ह गळतोय की विहिरीनंच तळ गाठलाय, हे बघितल्याशिवाय नवी मोटर कोण आणतं? फोटोचंही तसंच आहे. पक्ष्यापासून सेन्सरपर्यंत (कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या पट्टीपर्यंत) येताना चित्र चार-पाच ठिकाणी गळतं, आणि प्रत्येक गळतीची खूण वेगळी असते.

खूण बघायची तर फोटो शंभर टक्के मोठा करायचा. फोटोतलं सगळंच, म्हणजे दगड, गवत, पक्षी, एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल तर आपला हात हलला. दगड स्वच्छ आणि पक्षी पुसट असेल तर पक्षी हलला. पक्षी पुसट पण त्याच्या पुढचं किंवा मागचं गवत कोरल्यासारखं असेल तर फोकस भलतीकडे बसला. आणि कुठेच काही शार्प नाही, कडा पाण्यात विरघळल्यासारख्या, लागोपाठच्या दहा फोटोंत दहा तऱ्हेच्या, असं असेल तर दोष तुमचाही नाही आणि कॅमेऱ्याचाही नाही. मधली हवा उकळतेय. त्या हवेकडे मी नंतर येते, कारण आपल्याकडे तीच सगळ्यात जास्त फोटो खाते आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

मान हलते, पण मधेच थांबतेही

माझ्या त्या शेकाट्याचा गुन्हेगार दुसऱ्या प्रकारातला होता. मी शटर (सेन्सरवर उजेड पडण्याचा वेळ; तो जितका कमी तितकं शटर वेगवान) ठेवलं होतं १/४०० सेकंद. लेन्स ४०० मिलिमीटरची, म्हणून शटरही तेवढं, हा जुना नियम कुणीतरी शिकवला होता. नियम चुकीचा नाही, पण तो फक्त आपल्या हाताच्या कंपासाठी आहे. (त्यातही लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर दीडपट धरायचं, म्हणजे १/६००.) पक्ष्यानं हा नियम ऐकलेला नसतो.

थोडा हिशेब करून बघू. शेकाट्या दहा मीटरवर आहे, लेन्स ४०० ची आहे. टिपण्यासाठी खाली जाणाऱ्या डोक्याचा वेग सेकंदाला एक मीटर धरू, म्हणजे आपल्या रमतगमत चालण्यापेक्षाही जरा कमीच. १/४०० सेकंदात ते डोकं अडीच मिलिमीटर सरकतं. अडीच मिलिमीटर म्हणजे काय फार? पण सेन्सरवर ती सरक साधारण पंचवीस पिक्सेलची (फोटोतल्या ठिपक्यांची) होते. शेकाट्याचा अख्खा डोळा तिथे जेमतेम पन्नास-साठ पिक्सेलचा. म्हणजे डोळा जवळजवळ स्वतःच्या निम्म्या रुंदीइतका फराटला गेला. तेच शटर १/२००० केलं की सरक पाच पिक्सेलवर येते, आणि फोटो लहान करून टाकताना ती दिसतही नाही. पाय मात्र दोन्ही वेळा शार्प, कारण पाय चिखलात रोवलेला असतो, हलतं ते डोकं.

म्हणून लेन्समधलं स्टॅबिलायझेशन इथे कामाला येत नाही. ते आपला हात सावरतं, पक्ष्याची मान धरून ठेवत नाही. ‘माझ्या लेन्सला स्टॅबिलायझेशन आहे, १/१०० लाही चालतं’ असं सांगणाऱ्यांचे झोपलेल्या बगळ्यांचे फोटो खरोखर चांगले असतात.

आकडे हवेत तर माझे घ्या. उभा किंवा झोपाळलेला राखी बगळा, १/५००. चरणारा, चालणारा कुठलाही पक्षी, १/१२५० च्या पुढे. मासा मारणारा बगळा किंवा उडणारा थवा, १/२५००, जमलं तर १/३२००.

पण आकड्यांपेक्षा मला जास्त उपयोग झाला तो एका वेगळ्याच गोष्टीचा. कबुतर चालताना मान पुढेमागे करतं, हे आपण लहानपणापासून बघतो. खरं म्हणजे ते मान पुढेमागे करतच नाही. मान झटक्यानं पुढे टाकतं आणि मग अंग मागून तिथे येईपर्यंत डोकं हवेत जागच्या जागी धरून ठेवतं. डोकं स्थिर असेल तेवढाच वेळ डोळ्याला आजूबाजूचं स्वच्छ दिसतं, म्हणून ही कसरत. १९७८ मध्ये एका शास्त्रज्ञानं कबुतराला चालत्या पट्ट्यावर चालवून बघितलं. कबुतर चालतंय, पण आजूबाजूचं दृश्य जागेवरच आहे, अशी ती मांडणी. कबुतराची मान हलायची बंद झाली. म्हणजे मान पायांमुळे हलत नव्हती, नजरेसाठी हलत होती.

बगळे आणि पाणकाठचे कित्येक पक्षी चालताना हेच करतात. गंमत बघा, पक्ष्याला स्वतःला शार्प चित्र हवं असतं म्हणून तो डोकं थांबवतो, आणि नेमक्या त्याच क्षणी आपल्यालाही शार्प चित्र मिळतं. दोन-चार मिनिटं कॅमेरा खाली ठेवून नुसतं बघत बसलं की ताल कळतो: झटका, थांब, झटका, थांब. थांबेवर बटण पडलं तर १/५०० लाही डोळा स्वच्छ येतो. लागोपाठ फोटो काढणाऱ्या बर्स्टचा खरा फायदा हाच आहे. सेकंदाला दहा फोटो निघाले की त्यातले काही आपोआप थांबेवर पडतात.

प्रत्येक पक्ष्याचा ताल वेगळा. कंठेरी चिखल्या, तो गळ्यात काळी पट्टी आणि डोळ्याभोवती पिवळं वर्तुळ असलेला चिमुकला, डोळ्यांनी शिकार शोधतो. त्यामुळे तो तुरुतुरु धावतो, एकदम खांबासारखा थांबतो, टिपतो, परत धावतो. तो थांबला की तुमच्या हातात निवांत सेकंदभर असतो. पाणलाव चोचीनं चिखल चाचपत जेवतो, त्याची चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी खालीवर चालूच. त्याच्यासाठी शटरचा वेग वाढवण्याला पर्याय नाही, किंवा तो मान वर करून इकडेतिकडे बघतो त्याची वाट बघायची. तुतवाराचं आणखी निराळं. त्याचं बूड सारखं वरखाली डुलत असतं, पण दोन डुलण्यांच्या मधे अगदी अर्धा श्वास तो स्तब्ध असतो. मला तुतवाराचा पहिला बरा फोटो मिळाला तो रंकाळ्याच्या दगडी काठावर, आणि त्याआधी कितीतरी फोटोंत त्याला शेपूट दोन-दोन आल्या होत्या.

लहान बगळ्याचा मासा मारण्याचा क्षण मात्र बघून टिपता येत नाही. आपलं बोट दाबलं जाईपर्यंत मासा पोटात. त्याच्याआधीची चिन्हं वाचायची. पिवळा पाय चिखलात थरथर हलवून तो मासे उठवतो, मग थांबतो, अंग पुढे झुकतं, मान इंग्रजी एससारखी दुमडली जाते. मान दुमडली की बटण दाबून धरायचं, मासा मारेपर्यंत सोडायचं नाही. हल्लीच्या काही कॅमेऱ्यांत बटण पूर्ण दाबण्याआधीचे काही क्षणही साठवण्याची सोय आली आहे. माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांचा मला हेवा वाटतो.

शटर वाढवलं, आता उजेड कुठून आणायचा?

भर उन्हाचा एक जुना हिशेब आहे: अपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) एफ १६ असेल तर शटर म्हणजे आयएसओचा (उजेड किती पटीनं वाढवून घ्यायचा त्या आकड्याचा) उलटा आकडा. आयएसओ ४०० तर शटर १/४००. आपल्या १५०-६०० सारख्या झूम लेन्स पूर्ण ताणल्यावर एफ ६.३ ला उघडतात, तिथे याच उन्हात शटर १/२५०० च्या आसपास मिळतं. म्हणजे स्वच्छ सकाळी आठ-साडेआठनंतर अडचण नाही. अडचण सूर्योदयाच्या वेळी. तेव्हा उजेड सोळा पट कमी असू शकतो, आणि तेच शटर हवं असेल तर आयएसओ थेट ६४०० वर जातो.

इथे लोक घाबरतात. दाणे दिसतील म्हणून आयएसओ ८०० वरच धरून ठेवतात, शटर खाली जातं आणि पक्षी फराटतो. माझं मत सरळ आहे: दाणेदार पण शार्प फोटो सुधारता येतो, गुळगुळीत पण हललेला फोटो कचऱ्यात जातो. दाणे काढणारी सॉफ्टवेअर आता फार पुढे गेली आहेत. हललेला डोळा जागेवर आणणारं जे सॉफ्टवेअर मिळतं, ते डोळा परत आणत नाही, नवा काढून चिकटवतं.

मी शटर आणि अपर्चर हातानं ठरवते आणि आयएसओ ऑटोवर सोडते. त्यात एक खाच आहे, ती पांढऱ्या पक्ष्याची. काळसर पाण्यात पांढराशुभ्र बगळा उभा असेल तर कॅमेरा पाण्याला भुलतो. त्याला सगळं चित्र अंधारं वाटतं, तो उजेड वाढवतो आणि बगळ्याची पिसं जळून नुसता पांढरा कागद होतो. पिसांची रेघच उरली नाही तर फोटो शार्प दिसणार कुठून? कित्येकदा ‘फोकस गेला’ म्हणून टाकून दिलेला बगळा खरं तर जळलेला असतो. अशा वेळी एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी करायचं (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). उलट चमचमत्या पाण्यावर बगळा असेल तर कॅमेरा सगळंच काळवंडतो, तिथे वाढवायचं. शेकाट्या पांढराही आणि काळाही, त्यामुळे तो दोन्हीकडून छळतो. त्याच्या पांढऱ्या पोटाला सांभाळा, काळी पाठ नंतर उजळता येते.

फोकस: चौदा सेंटिमीटरची जागा

४०० ची लेन्स, एफ ५.६, दहा मीटरवर पक्षी, लहान सेन्सर. या मांडणीत जेवढी खोली शार्प येते ती साधारण १४ सेंटिमीटर. म्हणजे तुमची वीतही त्यात मावणार नाही. बगळा आडवा, बाजूनं दिसत असेल तर चोचीपासून शेपटीपर्यंत सगळा या जागेत बसतो. तोच तुमच्याकडे तोंड करून आला की चोच आत आणि पाठ बाहेर. एफ ८ केलं तर जागा २० सेंटिमीटरवर जाते, पक्षी वीस मीटरवर गेला तर अर्ध्या मीटरच्या पुढे. मी उजेड असेल तर एफ ७.१ किंवा ८ वर राहते. शिवाय बहुतेक झूम लेन्स टोकाला पूर्ण उघड्या असताना थोड्या मऊच असतात, अर्धा-पाऊण स्टॉप आवळल्या की सुधारतात.

कॅमेऱ्याला कुठे फोकस करायचा हे कसं कळतं? तो उजेड-अंधाराच्या कडा शोधतो. पाणकाठी अशा कडा पक्ष्यापेक्षा इतर गोष्टींत जास्त असतात: लव्हाळ्याची पाती, लाटेवरचा चमचमाट, जलपर्णीची पानं. पांढऱ्या बगळ्याच्या पोटावर फोकसचा ठिपका ठेवला तर तिथे कडाच नसते, म्हणून लेन्स घरघर करत पुढेमागे धावत राहते. ठिपका मानेच्या आणि पाण्याच्या सीमेवर, किंवा चोच जिथे डोक्याला मिळते तिथे ठेवायचा. पक्ष्याचा डोळा ओळखणारा नवा कॅमेरा असेल तर हे काम तो करतो, पण दाट लव्हाळ्यात तोही फसतो. तेव्हा परत एका ठिपक्यावर यायचं. फोकस सतत बदलत राहणारा मोड ठेवायचा, आणि लेन्सवर अंतराची मर्यादा घालणारा खटका असेल तर तो वापरायचा. लेन्स शून्यापासून क्षितिजापर्यंत भटकून येण्याचा वेळ वाचतो.

पाण्यातल्या प्रतिबिंबाचं काय, असं मला एका मुलीनं विचारलं होतं. ‘ताई, प्रतिबिंब तर पाण्यावर असतं, मग फोकस पाण्यावर करायचा का?’ नाही. आरशात बघताना आपण आरशाच्या काचेवर नजर ठेवत नाही, पलीकडच्या चेहऱ्यावर ठेवतो. प्रतिबिंबाचं अंतर जवळपास पक्ष्याइतकंच असतं. पक्ष्यावर फोकस करा, पाणी शांत असेल तर प्रतिबिंब मागोमाग येतं.

मधली हवा

गुऱ्हाळात काहिलीत रस उकळत असताना पलीकडे उभा असलेला माणूस कसा दिसतो? थरथरता, पाण्यात असल्यासारखा. गरम हवा विरळ असते, थंड हवा दाट, आणि उजेड एकीतून दुसरीत जाताना किंचित वाकतो. दोन्ही हवा घुसळत असल्या की पक्षी आणि लेन्स यांच्यामध्ये हजार वाकड्यातिकड्या काचा सतत हलत असल्यासारखं होतं. काहिलीच्या वर हे डोळ्यांना दिसतं. तलावाच्या काठावर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण ६०० ची लेन्स जसा पक्षी मोठा करते तशी ही थरथरही मोठी करते.

म्हणूनच लांबून मोठ्या लेन्सनं काढलेला फोटो, मग ती लेन्स दोन लाखांची असो की वीस हजारांची, सारखाच मऊ येतो. इथे शटर वाढवून काही होत नाही. वाकडं झालेलं चित्र वाकडंच गोठतं, एवढंच. ट्रायपॉडनंही नाही. उपाय एकच: मधली हवा कमी करायची. म्हणजे जवळ जायचं, किंवा हवा तापायच्या आत यायचं.

मिसळ हाणून सावकाश नऊ-साडेनऊला निघणाऱ्यांना हे पटत नाही. ऊन छान असतं, आकाश निळं असतं, शटर ३२०० मिळतं आणि चाळीस मीटरवरचा चित्रबलाक तरीही लोण्यासारखा मऊ येतो. उघडा चिखल, काळी जमीन, डांबरी रस्ता आणि दगडी घाट हे सगळे तवे आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरून कळंब्याची कड उघडी पडते, तेव्हा पक्षी भरपूर असतात आणि दहानंतर तीसेक मीटरच्या पुढचा फोटो काढण्यात अर्थ नसतो. आधी फोटो, मग मिसळ. आमच्यात हा नियमच आहे.

थंडीतली गंमत उलटी. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या पुढेमागे उगवतो, तेव्हा हवा गार आणि तलावाचं पाणी तिच्यापेक्षा ऊबदार. पाण्यातून वाफ निघताना दिसते, दृश्य फार देखणं असतं, आणि त्याच वाफेबरोबर तीच थरथरही असते. मला बरेच दिवस वाटायचं की पहाट म्हणजे हमखास शार्प. तसं नाही. वाफेच्या सकाळी मी आता लांबचे पक्षी सोडून देते, धुक्यातल्या आकृत्या काढते, आणि जवळ कुणी आलं तरच डोळ्यावर फोकस करते.

सगळ्यात भरवशाचे दिवस कुठले म्हणाल तर सप्टेंबर-ऑक्टोबरातले ढगाळ. जमीन तापत नाही, पांढरी पिसं जळत नाहीत, आणि बाहेरगावचे तुतवार, चिखले आलेले असतात. नोव्हेंबरात ५ ते १२ तारखेला राज्यात पक्षी सप्ताह असतो. तेव्हा पुष्कळजण पहिल्यांदा कॅमेरा बाहेर काढतात, त्यांनी महिनाभर आधी काढावा.

हवा उकळतेय का हे तपासायला पक्षी लागतच नाही. स्क्रीनवर दहा पट मोठं करून पलीकडच्या काठावरचा एखादा खांब बघा. खांब नाचत असेल तर पन्नास मीटरवरच्या पक्ष्यावर कार्ड भरू नका. अगदीच काढायचा असेल तर तीस-चाळीस फोटोंचा बर्स्ट मारा. हवा अधूनमधून क्षणभर शांत होते, त्यातला एखादा बरा निघतो.

आणखी एक. गाडीतून फोटो काढत असाल तर इंजिन बंद करा, काचा खाली करून थोडा वेळ बसा. आतली आणि बाहेरची हवा खिडकीतच एकमेकींत मिसळते आणि ती थरथर थेट लेन्सच्या तोंडाशी असते. बॉनेटवरून तर कधीच नाही. लेन्सच्या पुढे संरक्षणासाठी लावलेला स्वस्त काचेचा फिल्टरही काढून ठेवा. माझ्या लेन्सवर दुकानदारानं फुकट म्हणून लावून दिलेला फिल्टर होता. तो वर्षभरानं काढला त्या दिवशी मला वाटलं, लेन्सच बदलली.

जवळ जायचं म्हणजे

अंतर निम्मं केलं की पक्षी दुप्पट मोठा, हवा निम्मी. कुठल्याही खरेदीपेक्षा हा सौदा फायद्याचा. पण पक्ष्याकडे सरळ चालत गेलं की तो उडतो. नजर न लावता, तिरकं, थांबत थांबत जायचं. तो चरायचा थांबला, मान ताठ झाली की आपणही थांबायचं. तो परत चरायला लागला तर एक पाऊल. टिटवी ओरडायला लागली तर त्या दिवसापुरता कारभार आटोपला असं समजा, ती सगळ्या काठाला बातमी देते. उन्हाळ्यात टिटवी आणि शेकाट्या जमिनीवरच अंडी घालतात. तुमच्याभोवती घिरट्या घालून ओरडत असतील तर अंडी किंवा पिल्लं पायाजवळ आहेत. आल्या पावली, पाय बघून टाकत, मागे फिरायचं.

सगळ्यात उत्तम म्हणजे आपण न जाता त्यांना येऊ देणं. चरणारा पक्षी काठाकाठानं पुढे सरकत असतो. त्याच्या वाटेवर पुढे जाऊन आधीच आडवं व्हायचं. खाली खताचं रिकामं पोतं अंथरायचं, जुन्या जीन्सच्या पायात ज्वारी भरून शिवलेली उशी लेन्सखाली घ्यायची. एकदा प्रयाग चिखलीच्या बाजूला शेताच्या बांधावर मी अशी पडलेली असताना उसाला पाणी पाजणारे एक मामा बराच वेळ लांबून बघत होते. शेवटी जवळ आले. ‘काय ताई, जिमीन मोजताय व्हय?’ मी म्हटलं, ‘नाही मामा, तो बघा ढोकरी, त्याचा फोटो काढतेय.’ त्यांनी ढोकरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ‘त्यासाठी चिखलात कशाला लोळायचं? हितं पाण्याच्या तोंडाशी बसा की. पाणी सोडलं की धा मिंटात येतंय ते पायापाशी.’ आणि आलंच. सऱ्यांत पाणी शिरलं की किडे वर येतात आणि बगळे, ढोकरी माणसाला न जुमानता जवळ येतात. तिथे २०० ची लेन्सही पुरली.

आडवं पडण्याचा दुसरा फायदा हाताच्या स्थिरतेचा. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं तो नेमबाजीचा प्रकार तीन पवित्र्यांचा आहे: गुडघ्यावर, पोटावर झोपून आणि उभ्यानं. फोटोग्राफरचे पवित्रेही हेच तीन. कोपर जमिनीला टेकलं की निम्मा कंप गेला, उभं राहिलं की तो सगळा परत आला. बटणही बंदुकीच्या चापासारखं हळू दाबायचं, ठोसा मारल्यासारखं नाही. उभंच राहावं लागलं तर कोपरं बरगड्यांना टेकवा, डावा हात लेन्सच्या खाली, श्वास अर्धा सोडून थांबा.

आडवं पडण्याचा तोटाही आहे, आणि तो कुणी सांगत नाही. जमिनीलगतची हवाच सगळ्यात जास्त तापते. सकाळी लवकर, जवळचा पक्षी, तर झोपून काढा. बॅकग्राउंड लांब जातं, पक्षी डोळ्याला डोळा देतो. ऊन चढलं आणि पक्षी लांब असेल तर उठून उभे राहा, घाटाच्या वरच्या पायरीवर जा. फोटो देखणा कमी येईल, पण स्वच्छ येईल.

ट्रायपॉड चिखलात हळूहळू बसत जातो, त्याच्या पायांखाली बरणीची प्लास्टिकची झाकणं ठेवा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून काढणार असाल तर कठडा टेकायला फार छान आहे, आणि खालच्या बाजूच्या उथळ, खडकाळ पाण्यात बगळे हमखास असतात. फक्त वरून दुचाकी गेली की सगळा बंधारा हलल्यासारखा लेन्समध्ये दिसतो. ती जाईपर्यंत बोट उचलून ठेवायचं. आणि काठ निवडताना सूर्य पाठीशी हवा: रंकाळ्यावर सकाळी शहराच्या बाजूनं, संध्याकाळी समोरच्या.

हे सगळं करून माझ्याकडे आता शेकाट्याचे लाल डोळ्याचे अकरा फोटो आहेत. त्यातला पहिला मी घरच्या ग्रुपवर टाकला तेव्हा भावाचा लगेच मेसेज आला, ‘जरा सॉफ्ट वाटतोय गं.’ व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं आणि पिसांच्या रेघा पहिल्या तिथेच जातात. फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.